एका बाईच्या तीन जागा

धानोऱ्यात वनसंजीवन दवाखान्याच्या फाटकासमोर सुरय्याबाई शेख यांचं शिलाईचं दुकान आहे. दोन मशीन, एक कपाट आणि कपडे टांगायची दोरी, एवढाच पसारा. नवरा नूर मोहम्मद पुरुषांचे कपडे शिवतो, सुरय्याबाई बायकांचे, आणि दवाखान्याच्या चादरी, पडदे, पेशंटचे गाऊन दोघं मिळून. त्यामुळे चंद्रपूरच्या मुख्यालयातून फोन आला आणि पलीकडून कोणी तरी "आपली नियामक मंडळावर निवड झाली आहे" असं सांगितलं, तेव्हा सुरय्याबाईंनी पेन्सिल घेतली आणि किती नग पाहिजेत ते विचारलं.

फोनवर होते प्रणित सर, वनसंजीवन न्यासाचे मुख्य कार्यकारी अधिकारी. न्यासाचे दोन जिल्ह्यांत पाच दवाखाने होते आणि त्या पाचांवर एक मुख्यालय. डॉक्टर कुठे बसवायचा, यंत्र कुठे न्यायचं, कोणता वॉर्ड ठेवायचा, हे सगळं तिथल्या लांब टेबलावर ठरे. त्या टेबलाभोवती नऊ खुर्च्या होत्या आणि एखादा सोडला तर सगळे आजवर चंद्रपूर-नागपूरकडचे असत. मग परदेशातल्या देणगीदार संस्थेने अट घातली, की मंडळावर एक स्थानिक प्रतिनिधी हवा, एक महिला हवी आणि एक अल्पसंख्याक हवा. तीन जुन्या सभासदांना हार घालून निरोप दिला गेला. पण त्यांच्या जागी तीन अनोळखी माणसं आणायची, त्यांना सगळं समजावायचं, त्यांचं ऐकायचं, हे प्रणित सरांना जड वाटत होतं. त्यांनी पाचही दवाखान्यांतल्या डॉक्टरांकडून नावं मागवली.

धानोऱ्याच्या डॉ. रंजीता यांनी एकच नाव पाठवलं. बायकांना दिला जाणारा गाऊन मागून उघडा राहतो, त्यात बाई चालायला लाजते, असं सांगून सुरय्याबाईंनी तो बाजूने बांधायचा करून दिला होता. दवाखान्यातल्या एखाद्या गोष्टीकडे कोणी तरी असं बघतं, हे डॉक्टरांच्या लक्षात राहिलं होतं. प्रणित सरांनी गाऊनचं काही वाचलं नाही. त्यांनी बघितलं ते एवढंच, की बाई स्थानिक आहे, बाई आहे आणि शेख आहे. तीन जागांचा प्रश्न एका फोनमध्ये मिटला.

पहिल्या बैठकीला सुरय्याबाई सकाळच्या बसने निघाल्या, गडचिरोलीत गाडी बदलली आणि मूल गावावरून चंद्रपूरला पोचल्या. हजेरीच्या वहीत त्यांच्यापुढे तीन ठिकाणी बोट ठेवलं गेलं, त्यांनी तीन सह्या केल्या. सरकारी कागद असतो तसा तीन प्रतींचा मामला असेल, असं त्यांना वाटलं. अध्यक्ष होते बापूजी, ऐंशीच्या पुढचे, न्यासाचे संस्थापक, कानाला यंत्र लावलेले. पहिला दवाखाना त्यांनी एका कुडाच्या खोलीत कसा सुरू केला ते त्यांनी सांगितलं. ते प्रत्येक बैठकीत सांगत. त्यानंतर न्यासाच्या नव्या बोधचिन्हावर चर्चा झाली. चिन्हात सागाचं पान होतं आणि पानाला शिरा पाच असाव्यात, कारण दवाखाने पाच, असं एकाचं म्हणणं होतं. उद्या सहावा दवाखाना निघाला तर काय, असं दुसऱ्याचं. दीड तास गेला. सुरय्याबाईंच्या शेजारी आलापल्लीचे निवृत्त वनपाल लालसू नरोटी बसत. मंडळावर जंगलाच्या बाजूचं कोणी तरी दिसावं म्हणून त्यांना फार पूर्वीच घेतलं होतं आणि ते फार पूर्वीपासून गप्प होते. उभ्या जन्मात त्यांनी सागाची लाखो पानं पाहिली असतील. त्यांना कोणी विचारलं नाही. सुरय्याबाईंनी संपूर्ण बैठकीत पाणी मागितलं, तेवढंच. पंधरा दिवसांनी टपालाने इतिवृत्त आलं. त्यात 'श्रीमती शेख यांनी बोधचिन्हाच्या ठरावास मनःपूर्वक अनुमोदन दिले' असं लिहिलं होतं.

त्याच महिन्यात मंगलीची गोष्ट घडली.

धानोऱ्याच्या प्रसूती विभागात दोन सिस्टरच्या जागा होत्या. एक सात महिन्यांपासून रिकामी होती. ती भरायचा अधिकार दवाखान्याला नव्हता, मुख्यालयाच्या मनुष्यबळ समितीला होता, आणि समितीचे निमंत्रक वर्षातले आठ महिने मुलाकडे ऑस्ट्रेलियात राहत. त्यामुळे पुनम सिस्टर एकट्याच विभाग सांभाळत. त्या दिवशी पुनम सिस्टरना चंद्रपूरला प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. विषय होता, डॅशबोर्ड कसा भरावा. डॉ. रंजीता आलापल्लीच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेला गेल्या होत्या, कारण पाच दवाखान्यांत स्त्रीरोगतज्ज्ञ दोनच आणि त्या आठवड्यात आलापल्लीची पाळी होती. प्रसूती विभागाला कुलूप होतं.

भर दुपारी आतल्या गावाहून मंगलीला घेऊन तिची सासू आली. मंगलीला उभं राहवत नव्हतं. फाटकावरच्या माणसाने गडचिरोलीला न्यायला सांगितलं आणि दवाखान्याची गाडी काढली. गाडीत बाईमाणूस पाहिजे म्हणून समोरच्या दुकानातून सुरय्याबाई उठल्या. हाताला लागल्या त्या चार नव्या चादरी घेतल्या आणि चढल्या. अर्ध्या वाटेवर, मोहाच्या झाडांजवळ, गाडी थांबवावी लागली. सुरय्याबाईंना स्वतःची दोन बाळंतपणं आठवत होती, तेवढंच त्यांचं ज्ञान. बाकी सगळं मंगलीच्या सासूने केलं. सुरय्याबाईंनी चादर धरली, मंगलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला पाठ करून उभं राहायला सांगितलं. पोरगी झाली. रडायला जरा वेळ घेतला तिने. तेवढ्या वेळात सुरय्याबाईंनी काय काय मनात कबूल केलं ते त्यांनी पुढे कोणालाच सांगितलं नाही. गडचिरोलीला पोचेपर्यंत मंगलीचं बरंच रक्त गेलं होतं. दोघी वाचल्या, पण मंगलीला नऊ दिवस तिथेच राहावं लागलं.

दुसऱ्या बैठकीत प्रणित सरांनी भिंतीवर डॅशबोर्ड दाखवला. पाच दवाखाने, पाच रांगा. चांगल्या कामाला हिरवा रंग, मधल्याला पिवळा, वाईटाला लाल. धानोऱ्याच्या बाळंतपणांचा चौकोन लालभडक होता. महिन्याला वीस व्हायला हवीत, होत होती अकरा. प्रणित सरांचा प्रस्ताव असा, की धानोऱ्याचा प्रसूती विभाग बंद करून गडचिरोलीच्या दवाखान्यात विलीन करावा आणि धानोऱ्याला 'उपग्रह केंद्र' म्हणावं. असं केलं की लाल चौकोनच राहणार नाही.

सुरय्याबाईंनी हात वर केला. मंडळावर हात वर करायची पद्धत नव्हती, सगळे एकदम बोलत. त्यामुळे तो हात बराच वेळ वरच राहिला. शेवटी बापूजींनी बोला म्हटलं.

"साहेब, मंगलीची पोरगी यात कोणत्या रकान्यात हाय?"

प्रणित सरांनी कोण मंगली ते विचारलं. सुरय्याबाईंनी सांगितलं, थोडक्यात, चादरींसकट. प्रणित सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी लॅपटॉपमध्ये शोधलं, पुन्हा शोधलं. धानोऱ्यात ती बाई दाखल झाली नव्हती, कारण विभागाला कुलूप होतं. गडचिरोलीत दाखल झाली तेव्हा बाळंतपण होऊन गेलं होतं, म्हणून तिथे ती रक्तस्रावाची पेशंट होती.

"सिस्टिमच्या दृष्टीने," ते म्हणाले, "ती डिलिव्हरी झालेली नाही."

"पोरगी तं हाय."

"हो, पण तिच्यासाठी रकाना नाही."

सुरय्याबाईंनी मग विचारलं, की सिस्टर एकच, ती नसली की कुलूप, कुलूप असलं की बाया गडचिरोलीला, आणि मग इथी आकडा कमी काऊन म्हणून इथलंच बंद, हे कसं. आणि पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं, रस्ता बंद झाला, तं बाईनं कुठी जावं. प्रणित सरांनी मान डोलावली, मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणाले, आणि ठराव पुढच्या बैठकीत मंजुरीसाठी ठेवला. इतिवृत्तात आलं: 'श्रीमती शेख यांच्या भावनांची नोंद घेण्यात आली.'

हे इतिवृत्त वाचून दाखवत होती उमेरा, सुरय्याबाईंची मुलगी. ती सेतू केंद्रात काम करायची, दिवसभर लोकांचे अर्ज भरून द्यायची, त्यामुळे कागदावरची ओळ सोडायची सवय तिला नव्हती. आई काज करत होती आणि उमेरा उपस्थितांची यादी वाचत होती. घरात हिंदीतच बोलणं. तिने आईला विचारलं, की बैठकीला या आणखी दोन बाया कोण येतात. सुरय्याबाई म्हणाल्या की त्या खोलीत त्यांच्याशिवाय बाई नाहीच. उमेराने कागद पुढे केला. सातव्या क्रमांकावर होतं, 'श्रीमती सुरय्या शेख, स्थानिक प्रतिनिधी'. आठव्यावर, 'श्रीमती एस. एन. शेख, महिला प्रतिनिधी'. नवव्यावर, 'श्रीमती सुरय्या नूर मोहम्मद, अल्पसंख्याक प्रतिनिधी'.

नूर मोहम्मद मशीन थांबवून हसायला लागला. इतकी वर्षं आपण तिघींशी संसार करतोय आणि कोणी सांगितलं नाही, असं त्याचं म्हणणं. सुरय्याबाई हसल्या नाहीत. त्यांना राग आला होता, आणि तो राग नेमका कशाचा हे कळायला त्यांना संध्याकाळ लागली. आपल्याला बोलावलं ते आपल्यासाठी नव्हे, तीन खुर्च्या झाकायला, हे त्यांना बोचत होतं. त्यांनी उमेराला न्यासाची नियमावली मागवायला सांगितली. सभासदाला ती द्यावीच लागते, असं उमेरालाच माहीत होतं. बेचाळीस पानं आली. चार दिवस उमेरा वाचत होती आणि आई ऐकत होती. नियम असा निघाला, की प्रत्येक जागेला एक मत, आणि तिन्ही प्रतिनिधी हजर असल्याशिवाय कोणताही ठराव वैध नाही.

सुरय्याबाई नियमावली घेऊन डॉ. रंजीता यांच्याकडे गेल्या. डॉक्टरांनी आधी दार लावलं. त्यांच्या आधीच्या डॉक्टरांनी मुख्यालयाला एक खरमरीत पत्र लिहिलं होतं आणि त्याचं उत्तर म्हणून त्यांची पार टोकाच्या सिरोंच्याला बदली झाली होती. डॉ. रंजीता म्हणाल्या, मी नोकर आहे, मला काही बोलता येणार नाही. मग त्यांनी ते पान वाचलं, हजेरीची यादी वाचली, आणि टेबलावर डोकं ठेवून इतका वेळ हसल्या की पुनम सिस्टर काय झालं ते बघायला आल्या. सल्ला त्यांनी काहीच दिला नाही. फक्त वीस महिन्यांची बाळंतपणांची नोंद स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. दोन सिस्टर होत्या तेव्हा महिन्याला एकवीस-बावीस, एकच उरली तेव्हापासून अकरा.

तिसऱ्या बैठकीच्या दिवशी सुरय्याबाईंना बसमध्ये काही खाववलं नाही. काय बोलायचं ते त्यांनी उमेरासमोर सहा वेळा म्हणून बघितलं होतं आणि मूल गाव येईस्तोवर त्यातलं निम्मं विसरल्या होत्या. वहीत त्यांनी तीन सह्या केल्या, या वेळी प्रत्येक नाव वाचून. त्या दिवशी ऑस्ट्रेलियातले सभासद नव्हते. बापूजी, लालसूभाऊ, आणखी तिघे आणि सुरय्याबाई, एवढी माणसं होती. प्रणित सर सचिव म्हणून बसत, त्यांना मत नव्हतं. ते धानोऱ्याचा ठराव वाचायला उभे राहिले. त्याआधी एक विचारायचं आहे, असं सुरय्याबाई म्हणाल्या. बापूजींनी कानाचं यंत्र नीट केलं.

"साहेब, आज हजर किती लोकं हाय?"

"नऊपैकी आठ," प्रणित सर म्हणाले.

"मले तं सहाच दिसून राह्यले."

प्रणित सरांनी वहीकडे पाहिलं. बाकीच्यांनी टेबलाभोवती पाहिलं. कोणी तरी बोटाने मोजलंही.

"तुम्ही माही हजेरी तीनदा लावली," सुरय्याबाई म्हणाल्या. "माही काई तक्रार नाई. पन मंग मत बी तीनदाच घ्या. आन मी एकच असन, तं हा ठराव होत नाई. हा नाई होत, आन मागचे बी झाले नाई."

प्रणित सरांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन महिन्यांपूर्वीच देणगीदार संस्थेला तीन प्रतिनिधींच्या तीन नावांचं प्रमाणपत्र त्यांच्या सहीने गेलं होतं. बाई एकच आहे म्हटलं तर ते प्रमाणपत्र खोटं, आणि त्या आल्यापासूनचे सगळे ठराव रद्द, बोधचिन्हासकट. बाया तीन आहेत म्हटलं तर तीन मतं. चहा मागवला गेला. प्रणित सरांनी बाहेर जाऊन न्यासाच्या वकिलांना फोन लावला. वकिलांनी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल असं सांगितलं आणि कोणती बाजू ते न सांगता फोन ठेवला. एका सभासदाने समजुतीचा स्वर लावला, की ताई, तुमची कळकळ आम्ही समजतो, पण व्यवस्थापन ही तांत्रिक बाब आहे. सुरय्याबाईंनी डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद टेबलावर सरकवला. त्यावर डॉक्टरांचं नाव नव्हतं. एकवीस-बावीसवरून अकरा, आणि मधोमध एक रेघ, जिथे दुसरी सिस्टर गेली होती.

बापूजींनी तो कागद बराच वेळ वाचला. मग त्यांनी विचारलं, ही जागा रिकामी आहे हे मला कोणी का सांगितलं नाही. प्रणित सर म्हणाले की ते डॅशबोर्डवर होतं, अकराव्या पानावर. बापूजींना कॉम्प्युटर येत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यासाठी पान उघडून देणारा माणूस तिसऱ्या पानापर्यंतच उघडून देई, कारण पुढे ते थकत.

"मतदान घ्या," बापूजी म्हणाले. "आणि वहीत आहे तसंच घ्या."

अध्यक्ष फक्त बरोबरी झाली तर मत देत. ठरावाच्या बाजूने तिघांनी हात वर केले. विरोधात कोण म्हटल्यावर सुरय्याबाईंनी हात वर केला, आणि प्रणित सरांनी अतिशय सभ्यपणे, एकेक नाव घेऊन, तो तीनदा मोजला. तीन विरुद्ध तीन झालं. बापूजी काही बोलणार तेवढ्यात लालसूभाऊंनी हात वर केला. अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही वर केलं होतं, त्यामुळे त्यांना बाहेर जायचं असेल असं समजून शिपायाने दार उघडलं.

"मत हाय माहं," लालसूभाऊ म्हणाले. "बाईच्या बाजूनं."

ठराव पडला. मग त्याच बळावर सुरय्याबाईंनी दुसरा ठराव मांडला, की धानोऱ्यातली सिस्टरची जागा तीन आठवड्यांत भरावी, समिती भेटो की न भेटो. तो बिनविरोध झाला, कारण पुन्हा मोजायची कोणाची हिंमत नव्हती.

करिश्मा सिस्टर अठराव्या दिवशी हजर झाल्या. ऑगस्टमध्ये गडचिरोलीचा रस्ता दोन दिवस बंद राहिला आणि त्या दोन दिवसांत धानोऱ्यात तीन बाळंतपणं झाली. दिवाळीपर्यंत चौकोन हिरवा झाला. प्रणित सरांनी नागपूरच्या एका परिषदेत 'तळागाळातून प्रशासन' या विषयावर भाषण केलं, त्यात धानोऱ्याचं उदाहरण होतं आणि न्यासाला पुरस्काराची ढाल मिळाली. उमेराला याचा फार राग आला. सुरय्याबाईंनी भाषणाचा फोटो बघितला आणि सूट चांगला शिवलेला आहे, एवढंच म्हणाल्या.

मंडळानेही धडा घेतला. पुढच्याच बैठकीत प्रतिनिधींच्या तीन जागांवर तीन वेगवेगळी माणसं हवीत असा ठराव झाला. महिलेच्या जागी बापूजींची सून आली, अल्पसंख्याकाच्या जागी चंद्रपूरचे एक हार्डवेअरचे व्यापारी, जे आल्या आल्या बैठक किती वेळ चालेल ते विचारत. सुरय्याबाई स्थानिक तेवढ्या उरल्या, एका सहीच्या आणि एका मताच्या. ठरावाच्या बाजूने त्यांनीही हात वर केला. तो ठराव बरोबर होता, त्यांना नाकारता येईना.

त्या दिवशी बैठकीनंतर चंद्रपूरच्या बसस्टँडवर त्या आणि लालसूभाऊ बाकावर बसले होते. आलापल्लीची गाडी यायला वेळ होता. अकरा वर्षं गप्प राहिलेला माणूस त्या दिवशी एकदम बोलायला लागला. त्यांच्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र दोन वर्षांपासून खोक्यात पडून होतं. यंत्र उपकरण समितीचं, खोली इमारत समितीची. यंत्र ठेवायला खोली पाहिजे आणि खोलीचं माप ठरवायला यंत्र उघडायला पाहिजे. दोन्ही समित्या एकाच दिवशी एकाच वेळी बसत आणि इंजिनियर दोन्हींत तोच, म्हणून तो दोन्हीकडे गैरहजर लागे. तोवर हात मोडलेला माणूस गडचिरोली गाठत होता.

"तुम्ही विचारसान का पुढच्या टायमाले?" लालसूभाऊंनी विचारलं.

"तुमच्या गावचं हाय, भाऊ. तुम्हीच बोला. मी हात वर करते."

लालसूभाऊ म्हणाले की एवढ्या लोकांपुढं त्यांना शब्द फुटत नाही. जंगलात असते तर वेगळं. सुरय्याबाईंनी डब्यातली भाकर त्यांच्यापुढे केली आणि सुरुवात कुठून करायची ते सांगायला लागल्या: आधी खोक्याचं बोला, समितीचं मागून. लालसूभाऊंनी ऐकून घेतलं. आलापल्लीची गाडी लागली तेव्हा ते चढले, खिडकीशी बसले, आणि गाडी वळेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते.